नट सुटतच नाही: गाडीसोबतच्या हत्यारांनी टायर बदलताना नेमकं कुठे अडतं

डिकीत स्टेपनी आहे, तिच्यात हवा आहे, जॅक आहे, पाना आहे. तरी माणूस रस्त्याच्या कडेला अर्धा तास घाम गाळतो आणि शेवटी येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करतो, कारण नट जागचा हलत नाही. साताऱ्यात आणि आसपास मी ज्यांना टायर बदलायला मदत केली किंवा ज्यांनी मला फोनवर विचारलं, त्यांतल्या बहुतेकांचं घोडं याच ठिकाणी अडलेलं होतं. आणि हे एकदा होऊन थांबत नाही. कोणीतरी ट्रकवाले मामा मोठा पाना घेऊन येतात, नट सोडवून देतात. आपण त्यांचे आभार मानतो, पंक्चर काढून चाक परत बसवून घेतो, आणि पुढच्या पंक्चरला पुन्हा तेच.

टायर बदलण्याच्या पायऱ्या प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये चित्रांसह दिलेल्या असतात. त्या सगळ्या इथे पुन्हा लिहीत नाही. जिथे काम अडतं तिथलंच सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगतो: कंपनीने दिलेला जॅक आणि पाना घरगुती मोटारीला पुरतो. कमी पडते ती तयारी, आणि ती घरी, दिवसाउजेडी, सपाट जागेवर करायची असते.

नट का हलत नाही

लहान-मध्यम मोटारींच्या चाकाचे नट साधारण 85 ते 120 न्यूटन-मीटर (पिळण्याचा जोर मोजायचं माप) इतक्या जोराने आवळायचे असतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये सापडेल. गाडीसोबत येणाऱ्या एल आकाराच्या पान्याची दांडी मात्र जेमतेम 25-30 सेंटीमीटरची असते. आता हिशेब करा. 100 न्यूटन-मीटरने आवळलेला नट 25 सेंटीमीटरच्या दांडीने सोडवायचा, तर दांडीच्या टोकावर साधारण 40 किलोचा भार पडायला हवा. नुसत्या मनगटाने हे होत नाही, पण पाय दिला की कोणालाही जमतं.

पंक्चरच्या दुकानात किंवा अलाइनमेंटला चाक निघालं, की परत बसवताना हवेवर चालणारी गन लावतात. गनचा खटका गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ दाबला गेला की नट 300 न्यूटन-मीटरच्या पुढेही जाऊ शकतो. मग त्याच दांडीच्या टोकावर 120 किलो लागतात. 65 किलोचा माणूस 25 सेंटीमीटरच्या दांडीवर पूर्ण वजनाने उभा राहिला तरी 160 न्यूटन-मीटरच भरतात. म्हणजे तुमची ताकद कमी नाही आणि पानाही वाईट नाही, नटच हाताच्या हिशेबाबाहेर आवळलेला आहे. त्यात आपल्याकडचे चार महिने पाऊस, घाटातली ओल आणि चिखल. नटाच्या आट्यांत गंज धरला की लागणारा जोर आणखी वाढतो.

दुकानदाराचा यात वाईट हेतू नसतो. मागे गाड्यांची रांग असते, आणि ढिला राहिलेला नट वाटेत निघाला तर दोष त्याच्यावर येणार, म्हणून तो जास्तच आवळतो. पण पुढचं पंक्चर त्याच्या दारात होणार नाही. ते मेढ्याच्या पुढे किंवा ठोसेघरच्या वाटेवर होईल आणि तिथे तुमच्या हातात गन नसेल.

नटाच्या आधी जागा

टायर बसल्याचं लक्षात आलं की तिथल्या तिथे थांबायची घाई करू नका. ब्रेक हळू दाबा, स्टिअरिंग घट्ट धरा, चारही इंडिकेटर लावा आणि पायी चालण्याच्या वेगाने सपाट, कडक, रुंद जागेपर्यंत गाडी न्या. बसलेल्या टायरवर शे-दोनशे मीटर गाडी चालवली तर टायर कामातून जाऊ शकतो, रिमलाही मार बसू शकतो. तरी चालवा. टायर विकत मिळतो.

पुणे-बंगळूर महामार्गावर असाल तर सर्व्हिस रोडला उतरता आलं तर उतरा. उजव्या बाजूचं चाक बसलं असेल तर तुमची पाठ धावत्या ट्रककडे असते. अशा वेळी साइडपट्टीवर खोल आत जागा मिळाली नाही तर टायर बदलायचा नाही, हे मी अगदी ठामपणे सांगतो. सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे उभं करा आणि 1033 वर फोन लावा. राष्ट्रीय महामार्गांसाठीचा हा मदतीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. जीवाला धोका दिसत असेल तर 112.

घाटात नियम वेगळा. खंबाटकी, पसरणी, केळघर, यवतेश्वर, कुठेही वळणावर किंवा उतारावर जॅक लावू नका. गाडीसोबतचा जॅक सपाट जागेसाठीच असतो. चढावर एक चाक उचललं की गाडीचं वजन जॅकला आडवं ढकलायला लागतं. पुढचं वळण ओलांडून एखादी टपरी, देवळापुढची फरसबंदी, बसथांब्याजवळची मोकळी जागा शोधा. लाल त्रिकोण गाडीच्या बुडाशी ठेवून उपयोग नाही. हायवेवर किमान पन्नास मीटर मागे, आणि घाटात वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला गाडी दिसायच्या आधी त्रिकोण दिसेल असा ठेवा. धुक्यात तर हे फारच महत्त्वाचं.

कासच्या रस्त्यावर आणखी एक. फुलांच्या दिवसांत रस्ता अरुंद आणि कडा मऊ असतात, म्हणून लोक सरळ पठारावर गाडी चढवतात. हे पठार 2012 पासून पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि त्या जांभ्यावर मातीचा थर अगदी पातळ आहे. चाकाखाली गेलेला तुकडा लवकर सावरत नाही. पार्किंगपर्यंत गाडी हळूहळू न्या.

अडलेला नट रस्त्यावर सोडवताना

पहिली गोष्ट: नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असताना. आधी जॅक चढवला की चाक हवेत फिरतं, पान्याला रेटा मिळत नाही, आणि जोर केला तर गाडी जॅकवरून घसरते. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये टाका, आणि बसलेल्या चाकाच्या कोपऱ्यातल्या समोरच्या चाकाला पुढे-मागे दगड लावा. पुढचं डावं बसलं असेल तर मागच्या उजव्याला.

व्हील कॅप असेल तर पान्याच्या चपट्या टोकाने उचकटून काढा. मग पाना नटावर पूर्ण आत जाईपर्यंत बसवा. नट चिखलाने माखलेला असतो, पाना अर्धाच बसतो, वरून वजन पडलं की तो निसटतो आणि नटाचे कोपरे मोडतात. आधी काडीने किंवा किल्लीच्या टोकाने नटाभोवतीची माती खरवडून घ्या. पाना बसला की तळहाताने ठोका.

आता दिशा. चाकाकडे तोंड करून उभे राहा आणि पाना असा बसवा की दांडी डाव्या हाताला, जमिनीला समांतर राहील. खाली दाबलं की नट घड्याळाच्या उलट्या दिशेने, म्हणजे सैल व्हायच्या दिशेने फिरतो. दांडी उजवीकडे ठेवून कोणी खाली दाबत असेल तर तो नट आणखी आवळतोय. घाबरलेला माणूस अंधारात हे करतो, आणि मग तो नट खरोखरच सुटत नाही.

हाताने हलला नाही तर एक हात गाडीच्या टपावर टेकवा, दांडीच्या अगदी टोकावर टाच ठेवा आणि हळूहळू वजन टाका. उडी मारू नका. पाना निसटला तर तुम्ही रस्त्याच्या बाजूला पडणार नाही, अशा बेताने उभे राहा. नट सुटतो तेव्हा आधी फिरत नाही, आधी बोलतो: ‘कट्’ असा कोरडा आवाज येतो आणि दांडी बोटभर खाली जाते. तेवढंच हवं असतं. पाऊण फेरा सैल करून थांबा, पुढच्या नटाला लागा. बाकीचं जॅक चढवल्यावर.

त्यानेही नाही झालं तर पाईप. दोन फुटी लोखंडी पाईपचा तुकडा पान्याच्या दांडीवर चढवला की दांडी 25 वरून 60 सेंटीमीटर होते, आणि 120 किलोचं काम 50 किलोत होतं. हार्डवेअरच्या दुकानात जाताना पाना सोबत न्या आणि पाईप तिथेच दांडीवर चढवून बघा. फार ढिला नको आणि अडकणाराही नको. हा तुकडा जॅकसोबत फडक्यात गुंडाळून ठेवायचा. नट सोडवायला गाडीसोबतच्या हत्यारांत मी सुचवेन ती भर एवढी एकच. पाईप लावल्यावरही रेटा संथ द्यायचा, झटका नाही.

गंजाने धरलेल्या नटावर गंज सोडवणारा स्प्रे मारून दहा मिनिटं थांबलं तर फरक पडतो. फक्त तो ब्रेकच्या डिस्कवर उडू देऊ नका. आणि नट निघाल्यावर आट्यांवरचं तेल पुसून टाका, कारण तेलकट आट्यांवर तेवढ्याच जोरात नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

एखाद्या नटाचे कोपरे आधीच झिजलेले असतील आणि पाना गर्रकन फिरत असेल, तर दोनदा-तीनदा प्रयत्न करून थांबा. आणखी फिरवलं तर गॅरेजवाल्यालाही काही धरायला उरत नाही. अलॉय चाकं असतील तर एक नट वेगळा दिसतोय का ते बघा. चोरी होऊ नये म्हणून लॉक नट बसवलेला असतो, आणि त्याची वेगळी टोपी डॅशबोर्डच्या खणात किंवा हत्यारांच्या पिशवीत असते. जुनी गाडी घेताना ही टोपी मागून घ्यायची लोक विसरतात.

एकदाच बसून करायचं काम

वरचं सगळं रस्त्यावरचे उपाय झाले. ही अडचण पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून एकच गोष्ट करावी लागते: चाक कधीही, कुठेही निघून परत बसलं, की घरी येऊन आपल्याच पान्याने प्रत्येक नट एकदा सैल करून पुन्हा आवळायचा. गाडी जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, जॅकची गरजच नाही. एका वेळी एकच नट. तो आवळून झाल्यावरच पुढचा. जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचं काम.

माझी धाकटी बहीण कराडला असते, नोकरीसाठी रोज इस्लामपूरच्या बाजूला जा-ये करते. तिने नवीन टायर टाकल्यावर आम्ही तिच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे केलं. पाना बसवून ती म्हणाली, “दादा, एवढा काय घट्ट असणार?” तिने दोन्ही हातांनी दाबलं, काही नाही. पाय दिला, काही नाही. पूर्ण उभी राहिली तरी दांडी जागची हलली नाही. तिचं वजन पन्नासच्या आसपास. मग पाईप चढवला, तिने एका पायाने रेटा दिला आणि पार्किंगच्या भिंतीवर घुमेल असा आवाज झाला. चारही चाकांचे सगळे नट तिनेच सोडवले आणि तिनेच पुन्हा आवळले. आता त्या गाडीचा प्रत्येक नट तिच्या पायाच्या जोराने सुटतो. बायकांना टायर बदलणं जमत नाही असं सर्रास बोललं जातं, ते मला मनापासून खटकतं. त्यांना न जमणारा तो नट बहुतेक पुरुषांनाही जमत नाही. दोघांनाही पाईप लागतो.

दुकानात बोलून ठेवलं तर आणखी बरं. “भाऊ, गनने नुसते टेकवा, शेवटचं हाताने आवळा,” एवढं सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना, असेल तर तोच वापरायला सांगा. कोणी कुरकुर केली तर गाडी घरी नेऊन स्वतः करा, पण करा.

जॅक चढतो, गाडी चढत नाही

जॅक लावायच्या जागेबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ असतो. दाराखालच्या पत्र्याला हात लावून बघा. आतल्या बाजूला दुमडलेल्या पत्र्याची एक उभी कड बोटाला लागेल. पुढच्या चाकाच्या थोडं मागे आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे, त्या कडेवर दोन छोट्या खाचा असतात. त्या दोन खाचांच्या मधला भाग जाड केलेला असतो. जॅकच्या डोक्यावरची चीर तिथेच बसली पाहिजे. बोटभर इकडे-तिकडे झालं तर पत्रा चेपतो, आणि प्लास्टिकच्या पट्टीवर लावलं तर ती मोडते. घरी एकदा बोटाने ही जागा शोधून ठेवली की रात्री टॉर्चशिवायही सापडते.

जमीन मऊ असेल तर वेगळीच गंमत होते. कराडपासून सांगलीपर्यंतची काळी माती पावसात लोण्यासारखी असते. जॅक फिरवत राहा, गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली जातो, आणि तोही तिरका. फूटभर लांब-रुंद, इंचभर जाड फळीचा किंवा प्लायवूडचा तुकडा डिकीच्या तळाशी टाकून ठेवा. वीट नको, ती वजनाने फुटते. सुटे दगड एकावर एक रचणं तर मुळीच नको. काळा पाषाण कितीही कडक असला तरी जॅकचं पत्र्याचं बूड त्यावरून सरकतं.

टायर पूर्ण बसला की गाडी इतकी खाली येते की कधी कधी मिटलेला जॅकसुद्धा आत सरकत नाही. अशा वेळी तीच फळी बसलेल्या चाकापुढे ठेवा आणि गाडी हळूच तिच्यावर चढवा. इंचभर उंची मिळते, तेवढी पुरते. मग जॅक खालच्या कडक जमिनीवर लावा.

याच्या उलट तक्रारही येते: बसलेलं चाक निघालं, पण स्टेपनी आत जाईना. बसलेला टायर चपटा असतो, भरलेला गोल. म्हणून जुनं चाक जमिनीवरून जेमतेम सुटलं की थांबू नका, आणखी दोन इंच चढवा. आणि चाक काढल्यावर जॅक वर-खाली करावा लागू नये म्हणून हे आधीच बघून घ्या.

जॅक जरासाही कललेला दिसला तर तसाच पुढे रेटू नका. पूर्ण उतरवा, जागा साफ करा, पुन्हा लावा. गाडी जॅकवर असताना आत कोणी बसलेलं नसावं, झोपलेलं लेकरूसुद्धा. हात-पाय गाडीखाली घालू नका. स्टेपनी डिकीतून काढली की ती आडवी करून जॅकशेजारी पत्र्याखाली सरकवून ठेवा. जॅक घसरलाच तर गाडी त्या चाकावर टेकते. स्टेपनी चढवताना काढलेलं चाक तिथे ठेवा.

नट निघाले, चाक निघत नाही

पावसाळा संपताना हे हमखास होतं. हब (गाडीचा ज्या भागावर चाक बसतं तो) आणि रिमच्या मधल्या भोकात गंज धरतो आणि चाक चिकटून बसतं. अलॉयला जास्त. लोक दोन्ही हातांनी चाक धरून हिसडे देतात, तेही गाडी जॅकवर असताना. तसं करू नका. सगळे नट पुन्हा हाताने लावा, प्रत्येक नट आणि रिम यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवून. जॅक पूर्ण उतरवा. दगड काढा, गाडी चालू करून फूटभर पुढे, फूटभर मागे घ्या आणि हलका ब्रेक मारा. गाडीच्या वजनाने चाक सुटतं, ‘टक’ असा आवाज येतो. नट लावलेले असल्यामुळे ते निखळून पडत नाही. मग पुन्हा दगड, पुन्हा जॅक.

घरी आल्यावर हबचा तो गोल भाग तारेच्या ब्रशने घासून त्यावर ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा. आट्यांना आणि ब्रेकला ग्रीस लागू देऊ नका.

स्टेपनी आणि तिच्या तक्रारी

स्टेपनीत हवा नसणं ही तक्रार सगळ्यांना माहीत आहे, तरी पंपावर हवा भरताना कोणी डिकी उघडत नाही. दोन महिन्यांतून एकदा पाचव्या चाकाची हवा बघायची. बाकीच्या चाकांपेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त ठेवली तर बरं. कमी करणं रस्त्यावर सोपं असतं, भरणं नाही.

काही सात सीटर गाड्यांत आणि सीएनजीच्या काही गाड्यांत स्टेपनी गाडीच्या पोटाखाली लटकवलेली असते, तार किंवा साखळीवर. ऊसतोडीच्या दिवसांत शेतातून रस्त्यावर आलेला सगळा चिखल तिथे जाऊन बसतो आणि ती यंत्रणा जाम होते. वर्षातून दोनदा ती पूर्ण खाली उतरवून, धुऊन, तेल देऊन परत वर घ्या. आणि ती उतरवायची दांडी कुठे आहे ते घरीच बघून ठेवा.

नवीन गाडी घेतली असेल तर स्टेपनी आहे का, हेच आधी तपासा. 2020 सालच्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी बंधनकारक राहिलेली नाही. टायरची बाजू फाटली तर त्या संचाचा काही उपयोग होत नाही. कोयनानगर, बामणोलीकडे नेहमी जाणाऱ्याने स्टेपनी वेगळी घ्यावी, असं माझं मत आहे. स्टेपनी बारीक, इतर चाकांपेक्षा अरुंद असेल तर तिच्यावर वेगाची मर्यादा छापलेली असते, बहुधा ताशी 80 किलोमीटर. ती पाळा, आणि पंक्चर काढून मूळ चाक लवकरात लवकर परत बसवा.

परत आवळताना

नटाची निमुळती बाजू चाकाकडे. सगळे नट आधी बोटांनी लावा. पहिल्या फेऱ्यापासून पाना लावला तर आटा वाकडा धरतो, नट चढतो, आणि मग स्टड, म्हणजे नट ज्याच्यावर चढतो तो बोल्ट, बदलण्यावाचून इलाज राहत नाही. बोटाने सहज फिरत नसेल तर काढून पुन्हा लावा. चार नट असतील तर समोरासमोरचे, पाच असतील तर एक सोडून एक, असे थोडे थोडे आवळत जा. मग जॅक उतरवून शेवटचा जोर जमिनीवर द्या.

शेवटचा जोर म्हणजे दांडी उजव्या हाताला आडवी ठेवून, दोन्ही हात टोकावर टाकून, शरीर वाकवून दिलेला दाब. आवळताना दांडीवर उभं राहू नका आणि पाईप तर लावूच नका. पाईप फक्त सोडवण्यासाठी. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर थंड गाडीवर सगळे नट एकदा पुन्हा तपासा. चाक बसताना मधे मातीचा कण राहिला असेल तर तो दबतो आणि नट किंचित सैल पडतो.

तोच टायर पुन्हा पुन्हा बसत असेल तर

साखर कारखाने सुरू झाले की शेंद्रे, रेठरे, साखराळे अशा भागांत पंक्चर वाढतात. उसाच्या बैलगाड्या रस्त्याने चालतात, बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्यांचे (नालांचे) खिळे निघून डांबरावर पडतात. खिळा छोटा आणि चपट्या डोक्याचा असल्यामुळे तो टायरच्या खाचेत दडतो आणि हवा दोन-तीन दिवसांत हळूहळू जाते. रोज सकाळी टायर दबलेला दिसतो, हवा भरली की दिवसभर चालतो. अशा टायरमधला खिळा स्वतः उपटू नका, उपटला की हवा एकदम जाते. तो तसाच ठेवून दुकान गाठा.

पंक्चर काढूनही तोच टायर बसत राहिला तर चाक पाण्याच्या टबात फिरवून बुडबुडे कुठून येतात ते स्वतः उभं राहून बघा. व्हॉल्व्हच्या बुडाशी येत असतील तर व्हॉल्व्ह बदला, तो स्वस्त असतो. रिमच्या कडेने बारीक बुडबुड्यांची रांग येत असेल तर कडेला गंज आहे किंवा खड्ड्यात आपटून रिम वाकली आहे. टायर उतरवून कड घासावी लागेल, नाहीतर रिम सरळ करून घ्यावी लागेल. टायरच्या बाजूच्या भिंतीतून हवा येत असेल किंवा तिथे फुगवटा दिसत असेल, तर कोणी कितीही खात्री दिली तरी पॅच मारून घेऊ नका, टायर बदला.

आणि प्रत्येक पंक्चरची जागा खडूने टायरच्या बाजूवर खूण करून, व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोबाइलमध्ये टिपून ठेवा. पुढच्या वेळी पंक्चर त्याच जागी निघालं तर भोकात बाहेरून पंक्चरची दोरी घालून भागणार नाही. टायर रिमवरून उतरवायला लावा आणि आतल्या बाजूने सुती फडकं फिरवायला सांगा. बोटाला न लागणारं तारेचं टोक फडक्याला अडकतं. ते पकडीने ओढून काढलं आणि आतून पॅच मारला, की त्या जागेचा त्रास थांबतो.